बंदुकांच्या बिलाला विरोध: 'इथे क्लिक करा' सोडून नेमकं काय केलं की उपयोग होतो? (वॉशिंग्टन राज्य)

रेडमंडकर

जानेवारीत ऑलिंपियात, म्हणजे राज्याच्या राजधानीत, अधिवेशन सुरू झालं की बंदुकांची दोन-चार बिलं येणार, हे आता ठरल्यासारखंच आहे. बंदूकधारकांच्या संघटनेचा ई-मेल येतो, आपण बटण दाबतो, तयार मजकूर आमदाराकडे जातो आणि बिल पास होतं. २०२२ मध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझीनची विक्री बंद झाली. २०२३ मध्ये 'असॉल्ट वेपन'च्या व्याख्येत बसणाऱ्या शस्त्रांची बंद झाली. २०२५ मध्ये खरेदीआधी परमिट घेण्याचा कायदा झाला, तो १ मे २०२७ पासून लागू होणार.

बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला फक्त कार्यपद्धती हवी आहे:

१. कमिटीच्या हिअरिंगला 'कॉन' (विरोधात) म्हणून नाव नोंदवण्याला काही अर्थ आहे का, आणि ते कधीपर्यंत करता येतं?
२. दोन मिनिटं मिळाली तर काय बोलावं?
३. ग्रीन कार्डवाले आणि एच-१बी वाले यात कुठवर भाग घेऊ शकतात?
४. आमच्या शूटिंग क्लबने अधिकृत भूमिका घेतली तर करमुक्त दर्जाला धोका आहे का?

खडूफळा

आधी एक गणित. २०२५ च्या अधिवेशनात इथल्या हाउसमध्ये डेमोक्रॅट ५९, रिपब्लिकन ३९. सिनेटमध्ये ३० आणि १९. डेमोक्रॅट पक्षाचं बिल फ्लोअरवर, म्हणजे पूर्ण सभागृहात, पाडायचं तर हाउसमध्ये दहा आणि सिनेटमध्ये सहा डेमोक्रॅट फुटायला हवेत. असं जवळपास कधी घडत नाही. इथे बिल मरतं ते त्याआधी: विषयाच्या कमिटीत, पैशाच्या कमिटीत, किंवा रूल्स कमिटीत (कोणतं बिल फ्लोअरवर जाणार हे ती ठरवते) नुसतं पडून राहून, कटऑफची, म्हणजे तो टप्पा पार करायची शेवटची, तारीख उलटल्यामुळे. म्हणून सगळा जोर फ्लोअरवरच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात लावणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पळणं.

कॅलेंडर असं. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६०. बिलं डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून आधीच दाखल करता येतात, तेव्हा डोळे तिथूनच उघडे ठेवा. सम वर्षात आणखी एक फसगत होते. विषम वर्षी अडकलेलं बिल मेलेलं नसतं, ते त्याच नंबरानं पुन्हा पुढे येतं. 'नवीन काही दाखल झालं नाही' म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि गेल्या वर्षीचंच बिल रूल्समधून बाहेर निघतं.

हिअरिंगच्या नोंदणीला विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तीन वेगवेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात:

– फक्त भूमिका नोंदवणे: प्रो, कॉन किंवा अदर. हिअरिंग सुरू व्हायच्या एक तास आधी खिडकी बंद होते. १०:३० ची हिअरिंग असेल तर ९:३० ला संपलं.
– बोलणे: प्रत्यक्ष किंवा झूमवरून. मुदत तीच, एक तास आधी.
– लेखी निवेदन: हिअरिंग सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत. तासाची मुदत चुकली तरी हा दरवाजा उघडा असतो, आणि नेमका हाच फार कमी लोक वापरतात.

नोंद एका हिअरिंगपुरती असते. हाउसच्या सिव्हिल राइट्स अँड ज्युडिशियरी कमिटीत 'कॉन' म्हटलं म्हणजे सिनेटच्या लॉ अँड जस्टिस कमिटीत ते आपोआप जात नाही. मध्ये पैशाची कमिटी आली तर तिथे वेगळी नोंद. एका बिलासाठी तीन-चार वेळा साइन-इन करावं लागू शकतं.

आकड्याला अर्थ किती? हजारोंनी 'कॉन' असूनही बिलं पास झाली आहेत, तेव्हा आकडा म्हणजे व्हेटो नव्हे. पण नोंद शून्याजवळ राहिली तर 'विरोध फारसा नव्हता' हे वाक्य त्यांना फुकट मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे. करा आणि पुढच्या कामाला लागा.

पुढचं काम म्हणजे हिअरिंग आणि एक्झिक्युटिव्ह सेशन यांच्या मधले दिवस. एक्झिक्युटिव्ह सेशनमध्ये कमिटी मतदान करते, तिथे जनतेला बोलता येत नाही. दुरुस्त्या या मधल्या दिवसांत लिहिल्या जातात. फोन तेव्हा करा. तुमचे आमदार तीन: एक सिनेटर, दोन प्रतिनिधी. त्यांतलं कोणी त्या कमिटीवर असेल तर बाकी सगळं सोडून त्यांच्या लेजिस्लेटिव्ह असिस्टंटशी बोला. कमिटीवर कोणी नसेल तर हॉटलाइन १-८००-५६२-६००० वर निरोप ठेवला तरी चालतो, तो तुमच्या तिन्ही आमदारांना जातो.

आणि हो, या सगळ्या नोंदी सार्वजनिक दस्तऐवज आहेत. निवेदनात घरी कोणती शस्त्रं आहेत, तिजोरी कुठे आहे, असलं काही लिहू नका. ऑफिसचा ई-मेल पत्ताही नको.

तिसरी_घंटा

प्रश्न २ बद्दल. दोन मिनिटं हे गृहीत धरू नका. रांग मोठी असली की चेअर एक मिनिटावर आणतात. दोन मजकूर तयार ठेवा: इंग्रजीत साधारण २४० शब्दांचा एक आणि ११० शब्दांचा एक. घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. मनातल्या मनात वाचलं की नेहमी कमी वेळ भरतो.

मजकुराचा सांगाडा: नाव, डिस्ट्रिक्ट क्रमांक, बिल नंबर, विरोध. मग सरळ कलम क्रमांक. त्या कलमानं नेमकं कोणाचं काय अडतं, ते एका उदाहरणात. शेवटी एक मागणी. बस.

'शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड' (दुसऱ्या घटनादुरुस्तीतले शब्द) म्हणून वीस सेकंद घालवू नका. कमिटीनं ते त्याच सकाळी चाळीस वेळा ऐकलेलं असतं. 'क्लिप नव्हे, मॅगझीन म्हणा' असं आमदाराला शिकवणं तर त्याहून वाईट, माणूस तिथेच कान बंद करतो. 'पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ' हेही नको. धमकीच्या जवळ जाणारं एक वाक्य दिवसभराच्या बातमीचा मथळा होतं आणि बाकी शंभर जणांची साक्ष त्याखाली गाडली जाते.

चांगली साक्ष बिलाच्या व्याख्यांच्या कलमात सापडते. तिथे बघायच्या गोष्टी:

'ट्रान्सफर'ची व्याख्या. २०१४ च्या इनिशिएटिव्ह ५९४ (मतदारांनी थेट मंजूर केलेला कायदा) पासून इथे खाजगी हस्तांतरालाही तपासणी लागते, पण रेंजवर तात्पुरतं वापरायला देणं, पती-पत्नीतलं देणं अशा सवलती आहेत. नव्या बिलात व्याख्या पुन्हा लिहिली असेल तर त्या सवलती टिकल्या आहेत का?

वारसा. २०२३ च्या बंदीत मालकाच्या मृत्यूनंतर कायद्यानं ताबा मिळणाऱ्याला सूट आहे. नव्या बिलात तशी ओळ नसेल तर विधवेच्या हातात आलेल्या कपाटाचं काय, हा प्रश्न कुठल्याही पक्षाच्या आमदाराला कळतो.

दुरुस्ती. गनस्मिथकडे किंवा राज्याबाहेरच्या उत्पादकाकडे पाठवलेलं शस्त्र परत घेणं हे 'इम्पोर्ट' ठरतं का?

लागू होण्याची तारीख. आधीच पैसे भरलेल्या, पण ताबा न मिळालेल्या ऑर्डरींचं काय? २०२४ पासून इथे दहा दिवसांचा थांबा आहे, म्हणजे मध्ये अडकणारे लोक असणारच.

आणि आणीबाणीचं कलम, म्हणजे इमर्जन्सी क्लॉज. एरवी कायदा अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांनी लागू होतो आणि त्या ९० दिवसांत गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या ४ टक्के सह्या जमवून तो सार्वमताला नेता येतो. इमर्जन्सी क्लॉज घातला की ती वाट बंद. २०२३ च्या बंदीत तो होता, म्हणून सही झाली त्याच दिवशी, २५ एप्रिलला, कायदा लागू झाला. इथल्या गव्हर्नरला एखादं अख्खं कलमही व्हेटो करता येतं. म्हणून बिल दोन्ही सभागृहांतून गेल्यावरही 'हे एक कलम उडवा' एवढीच विनंती करणारं पत्र वाया जात नाही. मुदत अधिवेशन चालू असेल तर ५ दिवस, संपलं असेल तर २०, रविवार सोडून.

एक सूचना: कलम क्रमांक सांगताना आवृत्ती तपासा. कमिटीनं 'सब्स्टिट्यूट' काढला की क्रमांक सरकतात. फ्लोअरवर दुरुस्त झालं की 'एन्ग्रॉस्ड' होतं आणि पुन्हा सरकतात. जुन्या आवृत्तीच्या कलम ७ वर तळमळीनं बोलावं आणि समोरच्यानं शांतपणे 'ते तर आम्ही मंगळवारीच काढलं' म्हणावं, यासारखी फजिती नाही.

सांख्यिकी_वेडा

मी परमिटच्या कायद्याच्या बाजूचा आहे, आधीच सांगून टाकतो. तरी लिहितो, कारण तुमच्या बाजूची साक्ष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी कोसळते.

परमिटचं बिल आलं की कनेटिकट आणि मिझुरी ही दोन राज्यं पटलावर येणारच. कनेटिकटनं १९९५ मध्ये हॅंडगनला परमिट लावलं, मिझुरीनं २००७ मध्ये ते काढून टाकलं. पहिल्या ठिकाणी बंदुकीनं होणाऱ्या हत्या अपेक्षेपेक्षा घटल्या, दुसऱ्या ठिकाणी वाढल्या, असं जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मांडलं आहे. 'आकडे खोटे आहेत' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. कनेटिकटसाठी सुरुवातीचा अंदाज सुमारे ४० टक्के घट होता, पुढे जास्त वर्षं धरल्यावर तो २८ टक्क्यांवर आला. तुलनेसाठी बनवलेलं 'कृत्रिम कनेटिकट' कुठल्या राज्यांचं आहे यावर निष्कर्ष किती हलतो? आणि मुख्य म्हणजे ज्या राज्यात सार्वत्रिक तपासणी, थांबा आणि प्रशिक्षण हे सगळं आधीच आहे, तिथे परमिटनं वरची भर किती पडते? हा शेवटचा प्रश्न मला स्वतःलाही अवघड जातो, आणि तुमच्याकडून तो क्वचितच विचारला जातो.

आत्महत्यांचा विषय आला तर टाळू नका. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. 'गुन्हेगार कायदा पाळत नाहीत' हे वाक्य त्या निम्म्याला लागूच पडत नाही, आणि कमिटीतल्या डॉक्टर-नर्सना ते लगेच कळतं.

खडूफळा

@सांख्यिकी_वेडा, मुद्दा मान्य. त्यात एक जोडतो: पैशाचा प्रश्न. पोलिसांवर काम टाकणाऱ्या बिलाला फिस्कल नोट, म्हणजे खर्चाचा अंदाज, लागते. ती वाचा. किती अर्ज धरलेत, किती कर्मचारी, संगणक प्रणालीला किती, फी किती. बजेटच्या ओढाताणीच्या वर्षी तत्त्वाच्या भाषणानं न हललेलं बिल सिनेटच्या पैशाच्या, म्हणजे वेज अँड मीन्स, कमिटीत खर्चामुळे पडून राहू शकतं.

फॉक्स_नदीकाठ

इलिनॉयची पद्धत वेगळी आहे, तिकडचे वाचक असतील त्यांच्यासाठी. आमच्याकडे 'विटनेस स्लिप' असते. जनरल असेंब्लीच्या साइटवर कमिटीच्या हिअरिंगसमोर ती भरायची. संस्थेचा रकाना असतो, व्यक्ती म्हणून भरत असाल तर 'सेल्फ' लिहा. मग प्रपोनंट, अपोनंट किंवा नो पोझिशन. बोलायचं नसेल तर 'रेकॉर्ड ऑफ अपिअरन्स ओन्ली'. इथे ठरलेली चूक म्हणजे मूळ बिलावर स्लिप भरायची आणि अमेंडमेंटवर नाही. प्रत्येक अमेंडमेंटची स्लिप वेगळी. खरं बिल कधीकधी अमेंडमेंटमध्येच असतं.

ते कसं, तर २०२३ बघा. असॉल्ट वेपनच्या बंदीसाठी डिसेंबर २०२२ मध्ये हिअरिंग झाल्या त्या हाउस बिल ५८५५ वर. कायदा झाला तो हाउस बिल ५४७१ मधून, जे मुळात विम्याच्या कायद्यातल्या दुरुस्तीचं बिल होतं. आतला मजकूर काढून बंदुकांचा घातला. सिनेटनं ९ जानेवारीला मंजूर केलं, हाउसनं १० तारखेला मान्यता दिली, त्याच रात्री गव्हर्नर प्रिट्झकर यांची सही. ज्यांनी अलर्ट फक्त ५८५५ वर लावला होता त्यांना शेवटपर्यंत काही हललेलं दिसलं नाही. तीन दिवशी तीन वाचनं हवीत असं राज्यघटना म्हणते, पण ती दुसऱ्या बिलाच्या नावानं आधीच झालेली असतात आणि सभागृहाच्या नेत्यांनी 'सगळं नियमानं झालं' असं प्रमाणित केलं की कोर्ट आत डोकावत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा ४-३ नं वैध ठरवला.

तेव्हा अलर्ट नंबरावर लावू नका, निदान फक्त नंबरावर नको. 'फायरआर्म', 'मॅगझीन', 'एफओआयडी' (इलिनॉयचं बंदूकधारकाचं ओळखपत्र) या शब्दांवर लावा.

मोर्चांबद्दल एक. २० जानेवारी २०२० ला रिचमंडला, व्हर्जिनियात, वीसेक हजार लोक जमले. तरीही सार्वत्रिक तपासणी, महिन्याला एकच हॅंडगन, रेड फ्लॅग (धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या आदेशानं तात्पुरती काढून घेणं) हे कायदे त्या वर्षी झालेच. थांबलं ते हाउस बिल ९६१, म्हणजे असॉल्ट वेपनची बंदी, आणि ते थांबलं १७ फेब्रुवारीला सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीत, १०-५ मतांनी. चार डेमोक्रॅट सिनेटर रिपब्लिकनांबरोबर गेले म्हणून. गर्दीचा त्यात वाटा असेलही, पण ती चार माणसं आपापल्या मतदारसंघातल्या लोकांकडे बघत होती.

कलमबहाद्दर

प्रश्न ३ आणि ४. मी तुमचा वकील नाही, पण ढोबळ चौकट अशी आहे.

बोलणं, लिहिणं, साइन-इन करणं याला नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डवाला, एच-१बी वाला, कोणीही कमिटीपुढे बोलू शकतो. मतदान अर्थातच फक्त नागरिकांचं. पैशाचा मामला मात्र कडक आहे. ग्रीन कार्ड असेल तर उमेदवाराला किंवा प्रचार समितीला देणगी देता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ वर असाल तर केंद्रीय, राज्य, स्थानिक कुठल्याही निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही. मित्राच्या कार्डावरून देऊन त्याला रोख परत करणं हा त्याहून मोठा गुन्हा.

दुसरं, जे या मंडळींपैकी पुष्कळांना माहीत नसतं: नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश केलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, कलम ९२२(जी)(५)(बी). काही अपवाद आहेत, त्यात वैध हंटिंग लायसन्स हा नेहमीचा. ते नसताना 'माझ्याकडे बंदूक आहे आणि मी एच-१बी वर आहे' असं कमिटीच्या रेकॉर्डवर सांगणं म्हणजे स्वतःहून कबुलीजबाब देणं.

क्लबचं उत्तर त्याच्या कर-दर्जावर आहे. ५०१(सी)(४), म्हणजे केंद्रीय करकायद्यातली समाजकल्याण संस्था, असेल तर बिलांवर लॉबिंग हवं तेवढं करता येतं. शूटिंग क्लब बऱ्याचदा (सी)(७), म्हणजे सोशल क्लब असतात, त्यांनी आपली उपविधी आणि कर सल्लागार बघावा. (सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्था, असेल, उदाहरणार्थ तुमचं मराठी मंडळ, तर बिलावर भूमिका घेता येते, पण ते 'एकूण कामाचा मोठा भाग' होता कामा नये. हा 'मोठा भाग' कोणालाच मोजता येत नाही, म्हणून फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) निवडावं. मग मर्यादा डॉलरमध्ये येते: पहिल्या ५ लाख डॉलर खर्चावर २० टक्के, आणि त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा 'जनतेनं आमदारांना फोन करावेत' अशा आवाहनांवर. उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध मात्र (सी)(३) ला पूर्ण बंद, एका वाक्याचाही नाही. 'बिल वाईट आहे' चालेल. 'म्हणून नोव्हेंबरात अमक्याला पाडा' म्हटलं की दर्जा धोक्यात.

बेलव्ह्यूमधलीच रचना बघा, सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन खटले आणि शिक्षणासाठी (सी)(३), तर सिटिझन्स कमिटी फॉर द राइट टू कीप अँड बेअर आर्म्स ही लॉबिंगसाठी वेगळी संस्था. दोन खिसे वेगळे ठेवायचं कारण हेच.

आणि जाहिरातींवर किंवा पत्रकांवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तर राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे ग्रासरूट्स लॉबिंगची (जनतेला आमदारांवर दबाव आणायला सांगणं) नोंदणी लागते. रक्कम वेळोवेळी बदलते, खर्च करायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा, नंतर नको.

रेडमंडकर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. परमिटचा कायदा तर झाला, मग २०२७ पर्यंत फक्त कोर्टाची वाट बघायची का? आणि लॉबी डेला (आमदारांना एकत्र भेटायच्या दिवशी) कॅपिटलवर जाताना कॅरी करावं, म्हणजे बंदूक जवळ ठेवावी, का?

तिसरी_घंटा

कोर्टावर फार भिस्त नको. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मॅगझीनची बंदी ७-२ नं वैध ठरवली. ब्रुएन, म्हणजे केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या बंदूक-परवान्यांवरच्या निकालातली, नववी तळटीपही वाचून ठेवा. ठरलेल्या निकषांवर मिळणारे परवाने मुळातच घटनाबाह्य आहेत असं ती म्हणत नाही. ती म्हणते, परवान्याला अवाजवी उशीर किंवा अवाजवी फी असेल तर आव्हान देता येईल. म्हणजे उद्याच्या खटल्याचा कच्चा माल उशीर आणि फी हाच आहे. तो गोळा करायची जागा म्हणजे नियम बनवण्याची प्रक्रिया.

परमिट स्टेट पेट्रोल देणार. अशा खात्यांचे नियम ठरावीक पायऱ्यांनी बनतात. आधी सीआर-१०१, 'आम्ही नियम करायचा विचार करतोय' अशी सूचना. किमान ३० दिवसांनी सीआर-१०२, म्हणजे मसुदा, आणि तो स्टेट रजिस्टरमध्ये छापल्यावर किमान २० दिवसांनी जाहीर सुनावणी. मग सीआर-१०३, अंतिम. सीआर-१०१ च्या टप्प्यावर लिहिलेलं एक नेमकं पत्र सीआर-१०२ नंतरच्या पन्नास पत्रांना भारी पडतं, कारण मसुदा अजून कोणी लिहिलेला नसतो. खात्याच्या रूलमेकिंग यादीला आजच ई-मेल जोडा.

विचारायचं काय? प्रशिक्षक कोणाचा प्रमाणित हवा? लाइव्ह फायर, म्हणजे खऱ्या गोळ्यांचा सराव, कुठे करायचा, ज्या काउंटीत सार्वजनिक रेंजच नाही तिथल्यांनी काय करायचं? बोटांचे ठसे कुठे घेणार आणि आठवड्यातून किती दिवस? अर्ज अपुरा आहे हे किती दिवसांत कळवणार, आणि मुदतीचं घड्याळ तेव्हा थांबतं की चालू राहतं? हा शेवटचा प्रश्न दिसतो किरकोळ, पण '३० दिवसांत परमिट'चे ९० दिवस तिथेच होतात. कायदा लागू झाल्यावर अर्जाची, ठशांची आणि परमिट हातात आल्याची तारीख लिहून ठेवा, फीच्या पावत्या ठेवा. क्लबने सभासदांचा असा साधा तक्ता ठेवला तरी वकिलांना हवी ती गोष्ट तयार असते.

खात्यानं मतं मागवली की उत्तरं लेखी द्यावी लागतात. अंतिम नियमाबरोबर ते 'कॉन्साइज एक्स्प्लनेटरी स्टेटमेंट' काढतात, त्यात तुमचा मुद्दा आणि तो का घेतला किंवा का नाही हे असतं. 'हे अन्यायकारक आहे' या पत्राला उत्तर एका ओळीचं येतं. 'कलम अमुक, उपकलम तमुक, इथे हे तीन शब्द घाला' या पत्राला तीन शब्दांवर उत्तर द्यावं लागतं.

खडूफळा

कॅरीबद्दल: २०२१ पासून वेस्ट कॅपिटल कॅम्पसवर उघड शस्त्र बाळगायला बंदी आहे, आणि परवानगी घेतलेल्या निदर्शनांच्या २५० फुटांच्या आतही. कन्सील्ड पिस्तूल लायसन्सवाल्यांची (पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना असलेल्यांची) गोष्ट वेगळी आहे, पण सभागृहाच्या गॅलऱ्या आणि हिअरिंग रूमचे नियम वेगळे असतात आणि बदलतात. सोबत बिलाची ताजी आवृत्ती आणि एका पानाचं निवेदन, आमदारामागे दोन प्रती न्या. एक असिस्टंटच्या हातात द्या, त्यावर मागे तुमचा डिस्ट्रिक्ट नंबर मोठ्या अक्षरात लिहा. बंदूक घरी तिजोरीत.